लेबल (डिजिटल नकाशावरील)

डिजिटल नकाशावर गाव, नदी, रस्ता, डोंगर किंवा हद्दीजवळ उमटणारा मजकूर. कागदी नकाशात नाव हा रेखाटनाचाच भाग असे. एकदा उमटले की तिथेच राहिले. संगणकावर नाव माहितीच्या तक्त्यातून येते आणि नकाशा जवळ-लांब केला की त्याची जागा दर वेळी नव्याने ठरते. नकाशावर हाताने टाकलेला सुटा मजकूर वेगळा. त्याला ॲनोटेशन म्हणतात. हा फरक नामांतराच्या वेळी चांगला कळतो. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा लेबलांवर चालणाऱ्या नकाशांत तक्त्यातला एकेक रकाना बदलून काम भागत होते. ॲनोटेशन असलेल्या नकाशांत मात्र जुने नाव शोधून शोधून पुसावे लागते. ऐतिहासिक नकाशासाठी जुने नावही वेगळ्या रकान्यात जपून ठेवावे.

क्यूजीआयएस हे गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केलेले मुक्त सॉफ्टवेअर या कामासाठी भारतात सर्रास वापरले जाते. त्यात लेयरच्या (माहितीच्या थराच्या) गुणधर्मांत ‘लेबल्स’ हा भाग उघडून नावाचा रकाना निवडला की लेबले दिसू लागतात. रकान्याऐवजी सूत्रही देता येते. ओपनस्ट्रीटमॅप या २००४ पासून चालू असलेल्या खुल्या नकाशात सर्वसाधारण नाव आणि मराठी नाव (‘नेम : एमआर’ हा टॅग) वेगवेगळे नोंदवलेले असते. ‘कोअलेस’ हे फंक्शन वापरून ‘मराठी नाव असेल तर ते, नसेल तर सर्वसाधारण’ असे एका ओळीत सांगता येते. नियमांवर आधारलेली लेबलेही करता येतात : लहान प्रमाणावर फक्त तालुक्याची ठिकाणे, १:५०,००० च्या आसपास आल्यावर गावे, आणखी जवळ गेल्यावर वाड्या. आर्कजीआयएस या दुसऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये हेच काम मॅप्लेक्स हे इंजिन करते.

लेबल कोठे बसवावे याचे शास्त्र संगणकापेक्षा जुने आहे. स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांनी १९६२ साली नावांच्या मांडणीवर लिहिलेला निबंध आजही पायाभूत मानला जातो. नाव कशाचे आहे हे बघताक्षणी कळावे, त्याने दुसरे काही झाकू नये, शक्यतो बिंदूच्या उजवीकडे वरच्या बाजूला असावे, आणि नदीच्या ज्या काठावर गाव त्याच काठावर नाव असावे, असे त्यातले दंडक आहेत. पिन्हास योएली यांनी १९७२ साली या दंडकांना संगणकाला कळेल असे रूप देण्याचा प्रयत्न केला. प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. वीस गावे आणि प्रत्येकाला चार संभाव्य जागा एवढेच धरले तरी मांडणीचे पर्याय जवळजवळ १ लाख १० हजार कोटी होतात. बिंदूंची लेबले सर्वोत्तम रीतीने बसवण्याचा प्रश्न संगणकशास्त्राच्या भाषेत ‘एनपी-हार्ड’ (झटपट अचूक उत्तर देणारी रीत माहीत नसलेला) आहे, हे १९९१ च्या सुमारास सिद्ध झाले. म्हणून सगळी सॉफ्टवेअरे अचूक उत्तराऐवजी पुरेसे चांगले उत्तर शोधतात आणि जे बसत नाही ते गाळतात. क्यूजीआयएसमध्ये गाळलेली लेबले लाल रंगात दाखवण्याची सोय आहे. ती चालू करून पाहिल्याशिवाय नकाशा पुरा झाला असे समजू नये, कारण नकाशावर नाव नसलेले गाव वाचणाऱ्याच्या लेखी गावच नसते.

मराठी लेबलांची अडचण लिपीपासून सुरू होते. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव डोळ्यांना दहा अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये मधली मोकळी जागा धरून ती १७ चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये साठवल्यावर ४९ बाइट. नकाशाची माहिती साठवणाऱ्या शेपफाइल या जुन्या फॉरमॅटच्या तक्त्यात मजकुराच्या रकान्याची कमाल मर्यादा २५४ बाइटांची असते. ‘इंग्रजीत वीस पुरतात’ म्हणून कोणी वीस बाइटांचा रकाना आखला, तर हे नाव ‘छत्रपत’पर्यंत येऊन तुटते. शेपफाइलसोबतच्या ‘सीपीजी’ फाइलमध्ये एन्कोडिंग नोंदवलेले नसेल तर नावांच्या जागी अगम्य चिन्हे येतात. जिओपॅकेज या नव्या फॉरमॅटमध्ये मजकूर यूटीएफ-८ मध्येच ठेवण्याची रीत आहे. मराठी नावांसाठी तोच घ्यावा.

खरी कसोटी नदीच्या वळणावर लागते. रोमन लिपीत कृष्णेचे नाव सात सुट्या अक्षरांचे. ती पात्राबरोबर एकामागून एक कलत जातात. देवनागरीत ‘कृष्णा’ची अक्षरे दोनच : कृ आणि ष्णा. युनिकोडची सहा चिन्हे सुटी करून वळणावर मांडली, तर ऋकार आणि काना आपापल्या व्यंजनापासून निखळून ठिपक्यांच्या वर्तुळांना टांगलेले दिसतात आणि जोडाक्षर फुटून ष पायमोडका उरतो. पूर्वी अनेक सॉफ्टवेअरे असेच करत. अक्षरे न फोडता वळवली तरी शिरोरेषा मधोमध मोडते. म्हणून देवनागरी नावासाठी नदीचा जरा सरळ टप्पा हेरावा आणि नाव तिथे हलक्या कलाने ठेवावे. डोंगररांगेचेही तसेच. रोमनमध्ये अक्षरांत अंतर टाकून नाव रांगभर पसरता येते. ‘सह्याद्री’ असा ताणला की शिरोरेषा तुटते आणि शब्द शब्द राहत नाही. अंतर वाढवण्यापेक्षा आकार वाढवावा, किंवा नाव रांगेवर दोन-तीनदा द्यावे.

वेबवरच्या नकाशांत दोष आणखी खोल आहे. मॅपबॉक्स जीएल आणि त्यातून निघालेले मॅपलिब्रे यांची रचना अक्षरांचे साचे युनिकोड क्रमांकांनुसार २५६-२५६ च्या गटांत मागवण्याची आहे. जोडाक्षराला स्वतःचा क्रमांकच नसतो, त्यामुळे या पद्धतीत वर्षानुवर्षे देवनागरी नावे फुटकी दिसत आली. जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात कोट्यवधी लोकांची लिपी इतकी उशिरा विचारात घेतली जावी, हे खेदाचे आहे.

बारकावे पुष्कळ आहेत. लेबलाभोवती पांढरी कड असते. क्यूजीआयएसमध्ये तिला बफर म्हणतात आणि तिची मूळ जाडी १ मिलिमीटर असते. मराठी नावाला त्याच्या निम्मी पुरते. मात्र कड काढून टाकू नये, कारण नावाच्या वरून जाणारी रस्त्याची काळी रेघ शिरोरेषेशी मिसळते आणि नाव वाचता येत नाही. पाण्याची नावे तिरक्या टायपात देण्याची पाश्चात्त्य रूढी देवनागरीच्या अंगची नाही. निळा रंग पुरेसा आहे. त्याच पॉइंट-आकारात देवनागरी रोमनपेक्षा लहान दिसते, म्हणून आकार थोडा वाढवावा. ‘कुर्ला’सारख्या नावात वर रफार आणि खाली उकार येतो, दोन ओळींच्या लेबलात ओळींमधले अंतर त्या हिशेबाने ठेवावे.

महसुली नावांत बुद्रुक आणि खुर्द वारंवार येतात. फारसी ‘बुजुर्ग’वरून आलेला बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. जागा वाचवायला ते गाळले तर पुण्याच्या दक्षिणेकडचे आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द एकसारखे होतात. शिवाय आंबेगाव नावाचा तालुकाही त्याच जिल्ह्यात आहे. शब्द न गाळता ‘रिप्लेस’ फंक्शनने ‘बु.’ व ‘खु.’ करावेत; मराठी वाचकाला ही रूपे पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची आहेत. दोन तक्ते जोडताना मात्र नावाच्या भरवशावर राहू नये. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह दोन रीतींनी टंकता येतो : नुक्ता असलेल्या ऱ या चिन्हाने, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला दोन्ही एकच, संगणकाला वेगवेगळी. त्यातून ‘कराड’ हे रूपही तितकेच रूढ. जनगणनेचे गावाचे संकेतांक (२०११ च्या जनगणनेत सहा आकडी) जोडणीला वापरावेत आणि नावे फक्त दाखवण्यासाठी ठेवावीत.

हाताने लेबल हलवण्याची वेळ कोठे येते हेही कऱ्हाडलाच कळते. प्रीतिसंगमावर उत्तरेकडून कृष्णा आणि दक्षिणेकडून कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि प्रवाह पूर्वेला वळतो. उजवीकडे वर नाव ठेवण्याची संगणकाची सवय इथे नावाला थेट पाण्यात नेते. नाव पश्चिमेला, गावाच्या बाजूला हवे. ‘मूव्ह लेबल’ साधनाने ते ओढताना क्यूजीआयएस प्रथम एकमेव ओळख देणारा रकाना विचारते आणि नवी जागा मूळ तक्त्यात न घालता प्रकल्पाच्या फाइलमध्ये साठवते. त्यामुळे दुसऱ्याला नुसती माहितीची फाइल दिली तर हलवलेली लेबले तिच्यासोबत जात नाहीत. प्रकल्पाची फाइलही द्यावी लागते.

छपाईसाठी पीडीएफ काढताना मजकूर रेखाकृती म्हणून किंवा मजकूर म्हणून पाठवण्याचे दोन पर्याय येतात. रेखाकृतीत जोडाक्षरे जशीच्या तशी उतरतात, पण ‘कऱ्हाड’ टाइप करून शोधले तर सापडत नाही. छापखान्याला पहिली प्रत द्यावी. पडद्यावर वाचणाऱ्यांसाठी मजकुराची दुसरी प्रत काढून तिच्यातले प्रत्येक नाव तपासून घ्यावे.