नागली-वरीचा बाजार : काल, आज आणि आपण



आपल्या भुईगावातून भाजी आणि फुले घेऊन दादरला जाणाऱ्या मंडळींच्या एक गोष्ट नजरेस आली असेल. वाण्याच्या दुकानात नागलीचे पोते पूर्वी मागच्या कोपऱ्यात पडलेले असायचे. आता तीच नागली पीठ, सत्त्व, शेवया आणि बिस्किटे होऊन रंगीत पाकिटांतून दर्शनी फळीवर बसली आहे. शहरातले गिऱ्हाईक ती मागून घेते आणि भाव करीत नाही. साहजिकच पुष्कळ जण विचारतात, "साहेब, मग आपणही वाडीत नागली लावायची का?"

उत्तर देतो. पण त्याआधी या धान्याचा थोडा मागचा इतिहास पाहू. बाजार कसा वाढला हे कळले, म्हणजे त्यातला पैसा कुठे थांबतो हेही कळते.

डोंगराचे धान्य

नागली म्हणजेच नाचणी. हे पीक मूळचे पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ मुलखातले. हजारो वर्षांपूर्वी ते आपल्याकडे आले आणि इतके रुजले, की परके म्हणून कोणाला सांगूनही पटू नये. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये भाताबरोबर नागली, वरी आणि हरीक ही वरकस जमिनीची पिके नोंदलेली आहेत. तेव्हा आपली वसई, मोखाडा, डहाणू हे सगळे ठाणे जिल्ह्यातच होते. पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी.

आपण किनाऱ्याची माणसे. आपल्याकडे वाडी, विहीर आणि बावखल. केळी, पानवेल, भाजी, फुले हे आपले उत्पन्न. पूर्वेला डोंगर चढू लागलो, की पाणी वाहून जाणारी उताराची जमीन लागते. तिथे खाचरात भात आणि उतारावर नागली-वरी, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. राब भाजायचा, रोप टाकायचे आणि पावसाचा अंदाज घेऊन लावणी करायची. नागलीचा मोठा गुण असा, की कणगीत नीट ठेवली तर ती वर्षानुवर्षे टिकते, कीड सहसा लागत नाही. म्हणून ती विकण्यापेक्षा राखण्याचे धान्य होती. एखादे वर्ष भात बुडाला तर घर तरायचे ते नागलीवर.

बाजार तेव्हाही होताच, पण तो असा की काढणीच्या वेळी स्वस्त आणि आषाढात महाग. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून खावटी घ्यायची आणि सुगीला दीडपट-दुपटीने फेडायची. वेठ आणि सावकारी यांविरुद्ध १९४५ साली डहाणू-उंबरगाव-तलासरी भागात वारली शेतमजूर उठले, त्यामागे हा जाचही होता. पुढे १९७२ साली राज्यात आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९७६ च्या कायद्याने आदिवासी भागात शेतमालाच्या एकाधिकार खरेदीची सोय झाली. व्यापाऱ्याच्या मापातून शेतकरी सुटावा हा त्यामागचा हेतू होता. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या : या धान्याला गिऱ्हाईक नव्हते असे कधीच नव्हते. प्रश्न मापाचा आणि दामाचा होता.

रेशनने ताट बदलले

मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेला माणूस कोकणातला असो की घाटावरचा, भाकरी खाऊनच मोठा झालेला होता. मग त्याच्या ताटातली भाकरी गेली कुठे?

देशात धान्य कमी पडत होते. १९५६ पासून अमेरिकेचा गहू 'पी. एल. ४८०' च्या कराराने येऊ लागला. १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. हरितक्रांतीने गहू आणि भात यांचे उत्पादन वाढले, सरकारी खरेदी मुख्यतः त्यांचीच झाली आणि रेशनच्या दुकानातही तेच दोन आले. भरड धान्याकडे शास्त्रज्ञांनी पाहिलेच नाही असे नव्हे. ज्वारीचे सी.एस.एच.-१ हे संकरित वाण १९६४ साली आणि बाजरीचे एच.बी.-१ हे १९६५ साली आले. उतारा वाढला खरा, पण पुढे एच.बी.-१ बाजरीला केवडा रोगाने गाठले.

त्यातच १९७२ चा दुष्काळ पडला. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, परदेशातून आलेला लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी त्यांना अजून आठवत असेल. मिलो हीही ज्वारीच, पण ती खाल्ली ती नाइलाजाने. गव्हाची पोळी ही सुधारलेल्या घराची खूण झाली आणि भाकरी गरिबाची ठरली. १९६०-६१ साली महाराष्ट्रात ज्वारीखाली सुमारे ६२ लाख हेक्टर क्षेत्र होते. आज ते निम्म्याहूनही कमी आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनवर तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर ठरवले. म्हणजे बघा, ज्याला आज शहरात सर्वांत जास्त मोल, ते कायद्याच्या कागदावर सर्वांत स्वस्त होते. जानेवारी २०२३ पासून तर हे रेशनचे धान्य मोफतच मिळते.

याच काळात डोंगरातल्या घरांचे काय झाले? १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने मुले दगावली आणि साऱ्या राज्याचे लक्ष तिकडे गेले. त्याची कारणे अनेक होती, एका धान्यावर ठपका ठेवता येणार नाही. पण नागली पिकवणाऱ्या मुलखातच पोर उपाशी राहावे, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्याशुभ्र तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. वाढत्या पोराला आणि बाळंतिणीला नागलीची आंबील देणाऱ्या आपल्या आज्या काही वेड्या नव्हत्या.

वरीने वाट राखली

एका धान्याची गोष्ट मात्र निराळी आहे. ते म्हणजे वरी. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र या उपासांना भगर चालते. त्यामुळे शहरातल्या खात्यापित्या घरातही वरीचे तांदूळ कायम राहिले. रेशन आले, गहू आला, तरी उपासाचे गिऱ्हाईक हलले नाही. पण वरीचे तूस काढणे हे मोठे कष्टाचे काम, आणि ते बायकांच्या वाट्याला. त्यासाठी गिरण्या निघाल्या. नाशिक हे भगरीच्या गिरण्यांचे मोठे ठिकाण झाले. त्र्यंबकच्या रस्त्याने ते मोखाड्याला जवळचे. पिकवणारा वरी तुसासकट विकतो, आणि सणाला स्वतःच्या घरी भगर हवी तर दुकानातून दाम मोजून आणतो. भगरीचा बाजार पक्का होता, पण पक्क्या बाजाराचा लाभ ज्याच्याकडे गिरणी त्याला अधिक झाला. हा धडा नागलीलाही लागू आहे.

'भरड' धान्याचे 'श्री अन्न' झाले

अलीकडची हकीकत आपणांस ठाऊकच आहे. २०१८ हे वर्ष आपल्या सरकारने राष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून पाळले आणि भरड धान्यांना 'पौष्टिक तृणधान्ये' असे नाव दिले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने मार्च २०२१ मध्ये ठराव केला आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष झाले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्री अन्न' म्हटले गेले. शेजारच्या कर्नाटकात नागलीची सरकारी खरेदी होऊन ती काही जिल्ह्यांत रेशनवरही दिली जाते. ओडिशाने २०१७ साली डोंगरी भागासाठी खास मिलेट मिशन काढले. मधुमेहाची आणि वजनाची चिंता करणारे शहरी गिऱ्हाईक या धान्याकडे वळले ते याच काळात.

हमीभावही वाढला. २०१३-१४ मध्ये नागलीचा हमीभाव क्विंटलला १,५०० रुपये होता, २०२५-२६ साठी तो ४,८८६ रुपये ठरला. वरीला मात्र केंद्राचा हमीभाव नाही. तृणधान्यांपैकी तो ज्वारी, बाजरी आणि नागली यांनाच आहे. आणि हमीभाव कागदावर असून भागत नाही, जवळ खरेदी केंद्रही उघडावे लागते.

आता हिशेब मांडू

चांगले वाण आणि चांगली मशागत असेल, तर नागली हेक्टरी २० क्विंटल येते असे धरू. म्हणजे गुंठ्याला २० किलो. हमीभावाने त्याचे ९७७ रुपये होतात. दहा गुंठ्यांत २०० किलो नागली आणि ९,७७२ रुपये, तेही खर्च वजा न करता. भुईगावच्या ओलिताच्या दहा गुंठ्यांत भाजी किंवा फुले किती देतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. तेव्हा पहिले उत्तर सरळ आहे : वाडी मोडून नागली लावू नका.

मग या बाजारात आपल्याला जागाच नाही का? आहे. वसई-आगाशीच्या जुन्या माणसांनी राजेळी केळी नुसती घडाने विकली नाहीत. ती सोलून, उन्हात सुकवून त्यांची सुकेळी केली. नाशवंत माल टिकाऊ झाला आणि दाम गावात राहिला. विरारहून मुंबईला लोकल गाडी १८६७ साली सुरू झाली. तेव्हापासून गिऱ्हाईक आपल्या दारात आहे. डोंगरात नागली आहे, मुंबईत मागणी आहे आणि दोहोंच्या मध्ये आपण आहोत. सुकेळीची अक्कल नागलीला लावायची, एवढेच काम.

काय करावे

१. पडीक, उताराची, निचऱ्याची वरकस जमीन असेल तिथेच नागली घ्या. दापोली-१ सारखे सुधारित वाण निवडा. बी फोकू नका, रोपाने लावणी करा. कोसबाडचे कृषि विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषि कार्यालय येथे बियाण्याची चौकशी आधीच करा.

२. पिकवलेल्यातले आधी घरापुरते राखून ठेवा. पोरांच्या तोंडचे काढून बाजारात नेऊ नका.

३. धान्य झोडल्याबरोबर विकू नका. वाळवा, पाखडा, चाळा, खडा-माती काढा. स्वच्छ मालाला भाव मागता येतो.

४. बचत गटाच्या भगिनींनी सत्त्व करून पाहावे. नागली धुऊन रात्रभर भिजवा, पाणी काढून स्वच्छ फडक्यात बांधा, मोड आले की सावलीत खडखडीत वाळवा, मंद आचेवर भाजा, दळा आणि बारीक चाळा. ओल राहिली तर बुरशी येते. सुरुवात पाच-दहा किलोनेच करा.

५. नागली विकत घ्यायची तर जव्हार-मोखाड्याच्या गटांकडून थेट घ्या. वजन काट्यावर करा, हमीभावाच्या खाली मागू नका. आपल्या टोपलीला दलालाने कमी भाव दिला की आपल्याला कसे वाटते, ते आठवावे.

६. पाकिटावर वजन, तयार केल्याची तारीख आणि गटाचे नाव स्पष्ट लिहा. अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी करून घ्या. 'मधुमेह बरा होतो' असले काही छापू नका. ते खरेही नाही आणि कायद्यालाही मान्य नाही.

बंधु-भगिनींनो, सरकारी वर्ष येते आणि संपते. गिऱ्हाईक मात्र चवीने आणि सचोटीने टिकवावे लागते. नागलीने दुष्काळ पाहिला, रेशन पाहिले, हेटाळणी पाहिली आणि आता मानही पाहिला. हा मान पाकिटापुरता राहू नये, पिकवणाऱ्याच्या आणि राबणाऱ्याच्या पदरीही पडावा. त्यासाठी पहिला घाणा आपल्याच गावात, आपल्याच हाताने करून बघा.

नमस्कार.