सवाष्ण होत्या का?

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आजी गेली. आई-बाबा फोनाफोनीत अडकलेले, त्यामुळे फुलं आणायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी सात वाजता कोथरूडला कर्वे पुतळ्याजवळ एक फुलवाला नुकताच टोपल्या मांडत होता. नक्की काय मागायचं ते कळेना, म्हणून नुसतंच "आमची आजी गेली" म्हणालो. त्याने मान हलवली आणि विचारलं, "सवाष्ण होत्या का?" मी नाही म्हटल्यावर मोगऱ्याच्या गजऱ्यांकडे गेलेला त्याचा हात मागे फिरला. निशिगंध-झेंडूचे दोन हार आणि सुटी फुलं घेऊन मी घरी आलो.

तो मागे फिरलेला हात काही डोक्यातून जाईना. आजोबा १९८७ मध्ये गेले, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. आजीच्या केसांत मी कधीच फूल पाहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते नाही हे कधी लक्षातही आलं नाही. सवाष्ण गेली तर तिला हिरवी साडी, कुंकू, गजरा असं सजवून नेतात. विधवेला हार मिळतो, गजरा नाही.

मग नेहमीप्रमाणे खोदकाम सुरू केलं. (बग सापडला की आधी तो कोणी, कधी घातला ते बघायचं, ही सवय.)

पहिला धक्का हारांनीच दिला. झेंडू आणि निशिगंध दोन्ही मूळचे मेक्सिकोचे! कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्यानंतर कधीतरी युरोपियन जहाजांतून ही फुलं आपल्याकडे आली. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या सणाला झेंडूच वाहतात. आपण दसऱ्याला त्याचंच तोरण दारावर लावतो आणि तिरडीवरही घालतो. म्हणजे 'पूर्वापार चालत आलंय' हे निदान या हारांबाबत तरी खरं नाही.

मग शास्त्रात काय आहे? विष्णुस्मृतीच्या ७९व्या अध्यायात श्राद्धाच्या फुलांचे नियम आहेत. उग्र वासाची नकोत, बिनवासाची नकोत, काटेरी झाडाची नकोत, लाल नकोत. पण पांढरं आणि सुवासिक असेल तर काटेरी झाडाचंही चालेल. पाण्यात उगवलेलं असेल तर लालही चालेल. आधी नियम लिहिला, मग केसेस आठवतील तसे अपवाद जोडत गेले! आमच्या प्रोजेक्टचा कोडही असाच दिसतो. यात गेलेली व्यक्ती सवाष्ण की विधवा, हा प्रश्नच नाही.

तो प्रश्न येतो वेगळ्या ठिकाणी. भारतरत्न पां. वा. काणे यांचा 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' हा पाच खंडांचा ग्रंथ भांडारकर संस्थेने काढला, म्हणजे आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. विधवांबद्दल काणे वृद्धहारीताचा दाखला देतात: केशरचना, तांबूल, गंध, फुलं, दागिने, सगळं सोडायचं. पण हे नियम जिवंत बाईसाठी आहेत. ती गेल्यावर तिच्याकडून कसलं व्रत मोडणार होतं?

आणि हा प्रश्न मला विचारला गेला कुठे, तर कर्वे पुतळ्याजवळ! धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, एका विधवेशी लग्न केलं, आणि त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला हलला. तेच आजचं कर्वेनगर, आमच्या शेजारचं. अगदी अलीकडे, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकी गावांनाही तसं करायला सांगितलं. कोथरूडला ग्रामपंचायत नाही, हा एक प्रॉब्लेमच म्हणायचा.

फुलवाल्याला मी दोष देत नाही. त्याने विचारलं, मी उत्तर दिलं. "तरी द्या दोन गजरे" एवढं म्हणायला काय हरकत होती? सुचलंच नाही.

या वर्षी वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी गुरुजींना फोन करून विचारलं, मोगरा चालेल का? "न चालायला काय झालं? पांढरा आहे, वासाचा आहे." म्हणजे विधवा म्हणून जे फूल तिला सदतीस-अडतीस वर्षं चाललं नाही, जाताना चाललं नाही, ते पितर झाल्यावर लगेच चालतं.

पाव किलो मोगरा आणला. आत्या सकाळी ताटं मांडत होती. तिने पुडा उघडला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "आईला फार आवडायचा रे. अण्णा दर शनिवारी येताना आणायचे."