गोडबोलेकाकूंचं मूळ गाव

'चाची ४२०' आमच्या घरी इतक्यांदा पाहून झालाय, की गोडबोलेकाकूंचं नाव रेशनकार्डावर घालावं, असं आमच्या हिचं म्हणणं. परवा रविवारी पुन्हा लावला. घटस्फोट झालेला बाप मुलीजवळ राहता यावं म्हणून लक्ष्मी गोडबोले होऊन सासऱ्याच्याच घरी कामाला लागतो, आणि सासरेबुवा नेमके तिच्यावरच भाळतात!

कमल हासनचा हा चित्रपट १९९७ चा. मूळ म्हणे अमेरिकेतलं. १९९३ चा 'मिसेस डाउटफायर'. असेल बुवा! पण पुरुषाला साडी नेसवून पडद्यावर आणायला आम्हां नाशिककरांना अमेरिका कशाला हवी? त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. शेवटी हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना त्यांनी साडी नेसवली. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच नि सीताही तेच! त्या जोडप्यात घटस्फोटाची सोयच नव्हती.

फरक आहे तो शेवटात. तिकडचे नवराबायको वेगळेच राहतात, बाप मुलांना भेटत राहतो. आपल्याकडे संसार पुन्हा जुळतो. मी अर्थातच जुळण्याच्या पार्टीचा. पण शेजारी बसलेली, घटस्फोट झालेली भाची म्हणाली, "मामा, ते जुळणं खोटं. साडी तेवढी खरी."

तेवढ्यात बेल वाजली. तिच्या मुलाला न्यायला त्याचे बाबा आले होते. दर रविवारी ते दाराबाहेरच थांबतात. म्हटलं, "आत या हो, चहा घ्या."

आले. पँटशर्टातच.