पाच व्होल्टांचं घराणं

मुडबी हे बसवकल्याण तालुक्यातलं, बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या शिवेवरचं गाव. या पट्ट्यात विहिरीवरची मोटर चालवायची तर थ्री फेज लाईटची वाट पाहावी लागते, आणि ती बऱ्याचदा रात्री-अपरात्री येते. मोबाइलवरून मोटर चालू-बंद करण्याची सोय शेतकऱ्याला किती मोलाची, हे इथं समजावून सांगावं लागत नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ याच गरजेतून निघालं. आता इंजिनिअरिंगची मुलं तसलंच काही आर्डुइनो उनो बोर्डावर जीएसएम शील्ड, म्हणजे पिनांवर बसणारं मोडेमचं जोडकार्ड, लावून करून पाहतात.

स्टार्टर जोडणारा वायरमन आधी कॉईलवर २४० लिहिलंय की ४१५, हे वाचतो. २४०ची कॉईल दोन फेजांमध्ये घातली की जळालीच. बोर्ड आणि शील्ड यांच्यातही हाच प्रश्न आहे, फक्त आकडे लहान आहेत: ५ की ३.३? पण शील्ड बोर्डावर अचूक बसते, म्हणून आकडा वाचायचं राहून जातं. हे असं का झालं, ते पाहायला साठ वर्षं मागं जावं लागतं.

५ व्होल्ट रूढ केले ते टीटीएल चिपांनी. १९६०च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं ७४०० मालिका बाजारात आणली. तिला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट पुरवठा लागे. दुसऱ्या कंपन्यांनीही त्याच चिपा बनवल्या आणि ५ व्होल्ट हा सगळ्या धंद्याचाच रिवाज झाला. इंटेलच्या ८०८०ला तीन वेगवेगळे पुरवठे लागत. १९७६च्या ८०८५ला एकट्या ५ व्होल्टांवर भागू लागलं. नावातला शेवटचा ५ त्याचाच. आपल्याकडच्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या कितीतरी पिढ्या या ८०८५च्या किटवर शिकल्या. ‘लॉजिक म्हणजे ५ व्होल्ट’ हे त्यांच्या हातात बसलं ते तिथूनच.

पुढं ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की त्यांच्या गेटखालच्या पातळ ऑक्साइडला ५ व्होल्ट सोसेनात. शिवाय वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ५वरून ३.३वर आलं की तो ४४ टक्क्यांच्या आसपास येतो. १९९३चा पहिला पेंटियम ५ व्होल्टांचा होता, १९९४चा ३.३चा. नव्या पिढीनं एक नातं मात्र जपलं: टीटीएल २ व्होल्टांच्या वरचा सिग्नल ‘१’ मानते, आणि ३.३ व्होल्टांची चिप तेवढा सहज देते. उलट दिशेला अशी सोय नाही, आणि घात होतो तो त्याच दिशेला.

आर्डुइनो २००५मध्ये इटलीतल्या इव्रेआत जन्मलं, ५ व्होल्टांच्या घरात. त्याच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या पिनांमधलं अंतर आखणीतल्या चुकीमुळं ०.१६ इंच राहिलं. तोवर लोकांनी त्या मापाच्या शील्ड केल्या होत्या, म्हणून ती चूक कायम ठेवली गेली. माझ्या मते या गोष्टीचं मर्म इथं आहे: माप गोठलं, व्होल्टेज मात्र बदलत गेलं. २०१२चं आर्डुइनो ड्यू ३.३ व्होल्टांचं निघालं, पण शील्डच्या पिना तशाच. त्याच्या पिनेवर ५ व्होल्ट आले की आतला संरक्षक डायोड उघडतो, करंट त्या वाटेनं ३.३च्या पुरवठ्यात शिरतो, चिप तापते आणि पिन कायमची जाते.

यावर तोड म्हणून उनोच्या आर३ आवृत्तीत आयओरेफ नावाची पिन आली. बोर्डाचं लॉजिक किती व्होल्टांचं, हे ती शील्डला सांगते. कल्पना उत्तम, पण स्वस्तातल्या अनेक शील्डांवर ती कुठंच जोडलेली नसते. म्हणून शील्ड काढून ठेवावी, मल्टिमीटरची काळी तार ग्राउंडला आणि लाल आयओरेफला लावून आकडा घ्यावा. मग शील्डवरच्या मुख्य चिपचा नंबर वाचून तिच्या डेटाशीटमधली पिनांची कमाल मर्यादा पाहावी. शील्डला ५ व्होल्ट पुरवठा चालतो याचा अर्थ तिच्या सिग्नल पिनांनाही ५ चालतात, असा मुळीच नाही.

जीएसएम मोडेमचंच घ्या. सिम९०० किंवा सिम८००एलचं लॉजिक २.८ व्होल्टांचं. उनोकडून येणारे ५ व्होल्ट रेझिस्टर लावून उतरवावे लागतात. १ आणि २ किलोओहमच्या जोडीनं ते ३.३वर येतात, म्हणजे या मोडेमला तेही जास्तच, इथं दुसरा रेझिस्टर आणखी लहान हवा. परतीच्या वाटेवर टीटीएलची ती २ व्होल्टांची सोय मिळत नाही: उनोची चिप ‘१’ ओळखण्याची हमी देते ती पुरवठ्याच्या ०.६ पटीला, म्हणजे ३ व्होल्टांना. २.८ त्याखाली राहतात. प्रयोगशाळेच्या टेबलावर हे बहुधा चालून जातं. विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत, भर उन्हाळ्यात, ते चालेलच असं डेटाशीट म्हणत नाही. मोटरवर पीक अवलंबून असेल, तर ‘बहुधा’वर विसंबू नये.

४जीची सिम७६००सारखी मॉड्यूलं आणखी खाली, १.८ व्होल्टांवर आली आहेत. उनो मात्र २०२३च्या आर४ आवृत्तीतही ५वरच आहे. या दोघांमध्ये लेव्हल शिफ्टर दोन्ही दिशांना बसवावाच लागतो, आणि घेताना त्याची खालची बाजू १.८वर चालते का, हे विचारून घ्यावं.