ट्रामपासून पळालेली वेधशाळा आणि डोक्यावर बसणारा स्कॅनर

संशोधनात येताय ना? मग नॉइज तुमच्या पाचवीला पुजलेला आहे असं समजा. आज त्याचीच गोष्ट सांगते. ती संपते मेंदूच्या स्कॅनरपाशी, पण सुरू होते आपल्या किनाऱ्यावर.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी चालू होत्या. पुढे शहरात विजेवरची ट्राम यायचं ठरलं. तिच्या प्रवाहामुळे नोंदी बिघडणार, म्हणून नानाभाई मूस संचालक असताना हे काम अलिबागला हलवलं गेलं. तिथल्या इमारतीत लोखंड टाळलं. (आमच्या राजापुरातली घरं जांभ्याची. त्या दगडाचा तांबडा रंगच मुळी लोहाचा, त्यामुळे अशा कामाला तो नकोच!) १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे जुनी आणि नवी मालिका नीट जुळावी. ट्राम धावली १९०७ मध्ये. मला या गोष्टीतली ती समांतर दोन वर्षंच सगळ्यात जास्त आवडतात.

आता आकडे बघा. कोकणात पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला. मेंदूतल्या हजारो चेतापेशी एकदम काम करतात तेव्हा डोक्याबाहेर मिळतं ते १०० फेम्टोटेस्लाच्या आसपास. म्हणजे ४० कोटी पट फरक. इथे ट्राम लांबच राहिली, शेजारची लिफ्टसुद्धा घात करते.

तरी डेव्हिड कोहेन यांनी १९६८ मध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं वापरून मेंदूचं क्षेत्र पकडलं. पुढे १९७२ मध्ये त्यांनी ‘स्क्विड’ हा अतिवाहक सेन्सर वापरला आणि सिग्नल स्पष्ट दिसू लागला. या पद्धतीला मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी, थोडक्यात एमईजी म्हणतात. अडचण एकच, स्क्विडला उणे २६९ अंशांचं द्रव हेलियम लागतं. त्यामुळे यंत्र अवजड, हेल्मेट एकाच मापाचं आणि जागेवर पक्कं. सेन्सरही डोक्यापासून दोन-तीन सेंटीमीटर लांब. मोठा माणूस गप्प बसेल हो, पण फिट्स येणाऱ्या चार वर्षांच्या पोराला ‘हलू नकोस’ कसं सांगणार? आणि ज्यांची तपासणी सगळ्यात गरजेची, त्यात ही पोरं आलीच.

यावर तोडगा म्हणजे ऑप्टिकली पम्प्ड मॅग्नेटोमीटर. छोट्या काचेच्या कुपीत रुबिडियमची वाफ. लेझरनं अणूंचे स्पिन एका दिशेला वळवले की वाफ त्या प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक होते. क्षेत्र जरा बदललं की स्पिन ढळतात आणि पलीकडे पोचणारा प्रकाश कमी होतो. थंड करायची गरज नाही, त्यामुळे सेन्सर थेट डोक्यालगत बसतो.

इथे बरेच विद्यार्थी ‘सेन्सर लहान झाला म्हणून स्कॅनर अंगावर घालता आला’ असं लिहून मोकळे होतात. ते अर्धंच खरं आहे. हा सेन्सर शून्याच्या अगदी जवळच्या क्षेत्रात चालतो, दीड नॅनोटेस्लाच्या पलीकडे गेलं की संपलं. चुंबकरोधी खोलीतही पृथ्वीचं थोडं क्षेत्र उरतं. त्यात डोकं हललं की सेन्सर आंधळा. मग अंगावर घालून उपयोग काय?

नॉटिंगहॅम विद्यापीठ आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या गटानं माणसाच्या दोन्ही बाजूंना कॉइलचे सपाट पॅनल उभे केले आणि उलटं क्षेत्र तयार करून ते उरलेलं क्षेत्रही मारलं. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधात माणसं मान हलवतायत, चहा पितायत, बॅटनं चेंडू टोलवतायत, आणि मोजमाप चालूच आहे. पहिली लेखिका एलेना बोटो. तो निबंध वाचाल तेव्हा कॉइलचा भाग गाळू नका. मी पहिल्यांदा गाळला होता, आणि जर्नल क्लबमध्ये नेमका तोच प्रश्न आला.

आपल्याकडे राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये सेन्सिंगचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. तिथे कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातल्या दोषांनी चुंबकीय क्षेत्र मोजतो. ते वेगळं तंत्र, डोक्यावरच्या स्कॅनरपासून अजून दूर. आणि पवईत आयआयटीच्या दारावरून मेट्रो ६ चं काम चाललंय.