चुना टाकल्यावर जंगलातल्या मातीत नेमकं काय बदलतं?

पावसाळ्यात महाड-पोलादपूरच्या डोंगरात झाडं लावायला गेलात की कुणीतरी सांगतंच, "माती आम्लधर्मी आहे, खड्ड्यात चुना टाका." मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे सेटिंग बदलण्याआधी ती काय करते हे बघतो.

माती आम्लधर्मी का होते?
या भागात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. हे पाणी मातीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेतं आणि सामू, म्हणजेच पीएच, खाली येतो. सामू ६ चा ५ झाला की आम्लता १० पट वाढते! ५.५ च्या खाली मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून पिकांच्या मुळांना त्रास देऊ लागतं आणि स्फुरद अडकून पडतो.

चुना काय करतो?
चुनखडीची पूड आम्लता कमी करते आणि मातीत कॅल्शियम सोडते. शेतात याचा फायदा होतो. कडधान्यांच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियम जिवाणूही कमी आम्लतेत चांगले वाढतात.

मग जंगलात का नको?
जंगलाच्या आम्लधर्मी मातीत पालापाचोळा कुजवण्याचं बरंच काम बुरशी करते, तेही सावकाश. काही बुरशी झाडांच्या मुळांशी जोडलेली असते आणि त्यांना स्फुरद पुरवते. चुना पडला की जिवाणू जोर धरतात, पाचोळा लवकर कुजतो आणि जास्त नायट्रेट तयार होतं. नायट्रेट मातीला धरून राहत नाही. मुसळधार पावसात ते ओढ्यांतून थेट सावित्रीत! म्हणजे झाडांचं खत वाहून गेलं.

जर्मनीत १९८० च्या दशकात जंगलांवर हेलिकॉप्टरने चुना टाकला, पण तिथे कारखान्यांच्या धुरामुळे पडणारा आम्ल पाऊस हे कारण होतं. आपल्याकडची आम्लता मुळातली आहे आणि इथली झाडं तिला सरावलेली आहेत.

तुम्ही काय कराल?
• शेतासाठी आधी माती परीक्षण करा. मोबाईलच्या कॅमेऱ्याला सामू दिसत नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत तो लिहिलेला असतो. चुना किती टाकायचा ते त्यावरून कृषी सहाय्यकांना विचारा.
• कळीचा चुना हाताने टाकू नका, त्वचा भाजते.
• देवराईत किंवा जंगलात चुना नको. स्थानिक रोप लावा आणि पाचोळा झाडू नका. चुन्याचा परिणाम काही वर्षं टिकतो, तिथे अनडू बटण नाही.