कागदी बिजागरी आणि जपानी आडपडदे

चित्रांनी सजवलेल्या घडीच्या पडद्याला जपानमध्ये ‘ब्योबु’ म्हणतात. हा शब्द ज्या दोन चिनी अक्षरांनी लिहितात त्यांचे अर्थ ‘आडोसा’ आणि ‘वारा’ असे असल्याने, लाकडी घरांत शिरणारी थंड हवा अडवणे हे या वस्तूचे मूळ काम तिच्या नावातच नोंदलेले आहे. या पडद्याचा इतिहास सहसा थोर चित्रकारांच्या नावांनी सांगितला जातो. त्याला खरे वळण मात्र कागद आणि खळ हाताळणाऱ्या, नावे मागे न उरलेल्या कारागिरांनी दिले.

नारा येथील शोसोइन या शाही भांडारात ८व्या शतकातला सहा झडपांचा एक पडदा जतन केलेला असून, त्याच्या प्रत्येक झडपेवर झाडाखाली एक स्त्री रेखाटलेली आहे. त्या स्त्रियांच्या वस्त्रांवर चिकटवलेली पिसे आता जवळजवळ सगळी गळून गेली आहेत, पण उरलेले तुकडे जपानमध्येच आढळणाऱ्या एका पक्ष्याचे निघाल्यामुळे, थेट तांग दरबारातून आल्यासारखी दिसणारी ही चित्रे जपानी भूमीवर घडली, हे उमगले. त्या काळी झडपा चामड्याच्या किंवा रेशमी दोऱ्यांनी एकमेकींना बांधत आणि प्रत्येक झडपेला चहूबाजूंनी स्वतःची किनार असे. साहजिकच चित्रही एका झडपेपुरतेच राही.

१४व्या शतकाच्या सुमारास कागदी बिजागरी रूढ झाली आणि ही अडचण संपली. हिच्यात चिवट कागदाच्या पट्ट्या एका झडपेच्या दर्शनी कडेवरून शेजारच्या झडपेच्या पाठीवर, तर त्यांच्या लगतच्या पट्ट्या नेमक्या उलट दिशेने चिकटवतात. त्यामुळे पडदा पुढे-मागे दोन्हीकडे वळतो आणि मध्ये फट राहत नाही. झडप स्वतः भरीव फळी नसते, तर हलक्या लाकडाच्या जाळीवर कागदाचे अनेक थर चढवलेले असतात, आणि त्यांपैकी एका थरातले तुकडे फक्त कडांना खळ लावून बसवलेले असल्याने दमट हवेत कागद फुगला-आकसला तरी वरच्या चित्राला ताण बसत नाही. अशा पायावर सहाही झडपांना व्यापणारे सलग निसर्गदृश्य प्रथमच शक्य झाले.

त्याचा सर्वांत दिमाखदार वापर १६व्या शतकाच्या उत्तरार्धात, सरदारांच्या किल्ल्यांत झाला. तिथल्या अंधाऱ्या दालनांत सोन्याचा वर्ख लावलेली पार्श्वभूमी मिळेल तेवढा उजेड परतवत असे, म्हणजे तिच्यात मिरवण्याइतकीच सोयही होती. चौकोनी वर्ख शेजारी-शेजारी लावताना त्यांच्या कडा एकमेकींवर थोड्या चढतात, आणि जवळून पाहिल्यास या दुहेरी सोन्याच्या रेषांची फिकी चौकट आजही दिसते. रंग खनिजांचे, म्हणजे निळा अझुराइटचा आणि हिरवा मॅलाकाइटचा, तर पांढरा शिंपल्यांच्या भुकटीचा असे, आणि ही सगळी पूड जनावरांच्या कातड्यापासून केलेल्या सरसात कालवत. कानो एइतोकु (१५४३–१५९०) याचे सिंहांचे प्रसिद्ध चित्र सुमारे सव्वादोन मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे. त्याहून सूक्ष्म बुद्धी ओगाता कोरिन याच्या १८व्या शतकाच्या आरंभीच्या आयरिस फुलांच्या जोडपडद्यात दिसते: सोन्यावर फक्त निळा आणि हिरवा रंग, पाण्याचा मागमूस नाही, आणि फुलांचे काही झुबके तर साचा वापरून पुन्हा उमटवलेले. सपाट छापील चित्रात ही पुनरावृत्ती लगेच खटकते, पण पडदा नागमोडी उभा केला की प्रत्येक झडप वेगळ्या कोनात वळते आणि तेच झुबके निराळे भासू लागतात.

घडी होत असल्यानेच हे पडदे समुद्रापारही गेले. ओदा नोबुनागा याने आपल्या आझुची किल्ल्याचे व नगराचे चित्र असलेला पडदा १५८१ मध्ये जेझुइट धर्मप्रसारक अलेस्सांद्रो वालिन्यानो याला दिला. पुढच्या वर्षी नागासाकीहून निघालेल्या चार जपानी तरुणांच्या शिष्टमंडळाबरोबर तो गोव्यामार्गे युरोपात पोहोचला, आणि १५८५ मध्ये रोममध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांना अर्पण झाला. आझुचीचा किल्ला तोवर जळून गेला होता. पुढे पडद्याचाही ठावठिकाणा लागला नाही. ‘ब्योबु’ हा शब्द मात्र ‘बियोम्बो’ या रूपात पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत शिरला, आणि तिथे घडीच्या कोणत्याही आडपडद्याला, मग त्यावर चित्र असो वा नसो, आजही हेच नाव आहे.